बँडवाल्याला स्टेजवर जागा का नाही?

सॅक्सोफोन वाजवणारा माणूस आमच्याकडे कॉलेजच्या गेटवर चालतो, स्टेजवर चालत नाही. असं का, हे मला जरा सविस्तर विचारायचं आहे. काही लोकांना राग येईल, त्यात आमच्या मोहल्ल्यातलेही असतील. येऊ दे.

गेल्या हिवाळ्यात यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कॉलेजचं स्नेहसंमेलन होतं. नाव सांगत नाही, कारण दोष त्या एकट्याचा नाही. माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर महिनाभर आधी कुणीतरी अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या जॅझ बँडचा व्हिडिओ टाकला होता. पंधरा-वीस पोरंपोरी, ओळीने सॅक्सोफोन, मागे ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन, बाजूला पियानो, ड्रम. समोर उभा एक पाहुणा सॅक्सोफोनवादक, साठीकडे झुकलेला. पोरं समोरच्या कागदावर लिहिलेलं वाजवताहेत आणि पाहुणा त्यावर मनात येईल ते रचतोय. ग्रुपवर लगेच वाहवा सुरू झाली. ‘क्लास!’ ‘याला म्हणतात कल्चर.’ ‘आपल्याकडे असं कधी होणार?’

मी लिहिलं, याच संमेलनात होईल. माझे मामू चाळीस वर्षं सॅक्सोफोन वाजवतात. कॉलेजच्या गाण्याच्या ग्रुपसोबत त्यांना उभं करा, आठ दिवस तालीम घेऊ.

दोन दिवस ग्रुपवर सन्नाटा. मग कमिटीतल्या एका सरांचा फोन आला. ‘राजेहो, तुमची भावना समजते. पण लग्नातला बँडवाला स्टेजवर कसा बसवायचा? पाहुणे काय म्हणतील? असं करू, त्यांचा बँड गेटवर ठेवू. प्रमुख पाहुण्यांच्या स्वागताला.’

मामूंनी सुपारी घेतली. गेटवर वाजवलं, पाहुण्यांची गाडी आत गेली, पैसे घेतले, घरी आले. त्याच संध्याकाळी आत स्टेजवर एका पोराने जुनं सिनेमाचं गाणं बसवलं होतं. त्यात सॅक्सोफोनचा तुकडा येतो. तो त्याने कीबोर्डवर ‘सॅक्स’ नावाचं बटण दाबून वाजवला. खरा सॅक्सोफोन दुपारी त्याच आवारात होता.

मी मामूंपुढे चिडचिड केली तर म्हणाले, ‘हौ बेटा, गेट पे बजाने में अपना क्या जाता? पैसा तो उतनाच मिलता.’

त्यांचं काही गेलं नसेल. बटण दाबणाऱ्या पोराचं गेलं.

आता त्या व्हिडिओतल्या कॉलेजांकडे बघू, कारण ‘कल्चर’ हा शब्द तिथून आला. जॅझ ज्या न्यू ऑर्लिन्स शहरात वाढला, तिथे तो काळ्या लोकांच्या मयतीत, मिरवणुकीत, दारूच्या गुत्त्यात आणि वेश्यावस्तीत वाजायचा. प्रेत दफनाला नेताना संथ धून, परतताना नाचायला लावणारी. वाजवणारे बहुतेक गरीब. सभ्य घरांतल्या लोकांना ते संगीत वाटतच नव्हतं. अमेरिकेत या वाद्यवादनाची पदवी पहिल्यांदा देऊ केली ती टेक्सासमधल्या एका शिक्षक-महाविद्यालयाने, १९४७ साली. आज ते नॉर्थ टेक्सास विद्यापीठ आहे. गंमत म्हणजे त्यांनी अभ्यासक्रमाला ‘जॅझ’ म्हटलंच नाही. नाव ठेवलं ‘डान्स बँड’. जॅझ म्हणायची लाज वाटत होती. म्हणजे त्यांच्याकडेही सरांना फोन करावासा वाटला असेल. फरक एवढाच की त्यांनी नाव बदललं, पण वादकांना आत घेतलं.

पाहुण्या वादकाचं काम काय असतं, हेही आमच्या लोकांना कळलेलं नाही. त्यांना वाटतं तो रिबन कापायला येतो. कॉलेजच्या जॅझ बँडमध्ये साधारण सतरा जण असतात. पाच सॅक्सोफोन, चार ट्रम्पेट, चार ट्रॉम्बोन आणि पियानो, गिटार, बास, ड्रम. त्यांचं बरंचसं लिहिलेलं असतं. पाहुणा आला की मध्ये जागा मोकळी ठेवतात. तिथे तो आयत्या वेळी रचतो आणि पोरांना त्याला सांभाळत मागून चालावं लागतं. तो थांबला की थांबायचं, तो पुढे गेला की मागे फरपटायचं नाही. कधी तो चार मात्रांचे चार हिशेब वाजवतो आणि समोरच्या पोराला तेवढ्याच मापाचं उत्तर द्यायला लावतो. आपल्याकडच्या सवाल-जवाबासारखंच. जे पुस्तकातून येत नाही ते तालमीत पोरांना मिळतं. पाहुणा त्यासाठी बोलावतात.

आणि हेच काम वरातीत बँडमास्तर रोज रात्री करत असतो. मास्तर पुढे धून धरतो, मागचे नऊ-दहा जण त्याला धरून. मध्येच नवरदेवाचा भाऊ येऊन कानात दुसरं गाणं सांगतो. मास्तर मान हलवतो आणि मोडतोड न करता एका गाण्यातून दुसऱ्यात शिरतो. हे रस्त्यावर, चालता चालता, जनरेटरच्या धडधडीत, मे महिन्यातल्या यवतमाळच्या उकाड्यात.

एक तांत्रिक गोष्ट सांगतो, कंटाळू नका. मामूंचा सॅक्सोफोन ‘आल्टो’ आहे. त्यावर जो ‘सी’ वाजवाल तो ऐकू येतो हार्मोनियमच्या काळी दोनचा. ट्रम्पेट आणि क्लॅरनेटवर तोच ‘सी’ वाजवला तर ऐकू येते काळी पाच. म्हणजे बँडमधल्या तिघांनी एकच गाणं एकाच सुरात वाजवायचं तर बोटं वेगवेगळी ठेवावी लागतात. आता कॉलेजची मुलगी म्हणाली, ‘सर, मी पांढरी एकमध्ये गाते,’ तर आल्टोवाल्याने मनातल्या मनात सगळं गाणं उचलून दुसरीकडे ठेवायचं, ट्रम्पेटवाल्याने तिसरीकडे. पाश्चात्त्य संगीताच्या वर्गात हे शिकवायला बराच काळ लागतो, परीक्षा असते. मामूंना त्याचं नावही माहीत नाही. ते एवढंच विचारतात, ‘सा किधर है बोलो बस.’ आणि यांना आम्ही ‘न शिकलेले’ म्हणतो.

हा बाजा आमच्याकडे आला तोही लष्करातून. बेल्जियमच्या अडॉल्फ सॅक्सने १८४६ साली त्याचं पेटंट घेतलं. फ्रान्सच्या लष्करी बँडने तो लवकर उचलला, मग इतरांनी. पितळेचा असून तो लाकडी वाद्यांत मोडतो, कारण तोंडाशी बोरूची रीड असते आणि आवाज तिच्यातून येतो. इंग्रजांच्या फौजेबरोबर असे बँड भारतात आले, मग संस्थानिकांनी आपापले बँड ठेवले. वाजवायला माणसं लागली, ती बहुधा त्याच जातींतून आली ज्या आधीपासून सनई, ढोल, हलगी वाजवत होत्या. मेरठला नादिर अली अँड कंपनी १८८५ साली सुरू झाली. नादिर अली हे इंग्रज फौजेत बँडमास्तर होते. मेरठच्या जली कोठी भागात आजही देशभरच्या लग्नांचे बाजे बनतात. आमच्याकडे ‘विदेशी वाद्य’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांना मी हे सांगतो. हार्मोनियमही युरोपातूनच आली, तिच्यावर भजन चालतं. व्हायोलिन युरोपातून आलं, ते मैफलीत चालतं. मग सॅक्सोफोनच का चालत नाही? वाद्याला विरोध नाहीच. तो धरणाऱ्या हाताला आहे.

कद्री गोपालनाथ यांचं उदाहरण यासाठी फार मोलाचं आहे. मंगळुरूकडचे. वडील नागस्वरम वाजवायचे, म्हणजे देवळातलं आणि लग्नातलं वाद्य. पोराने म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये सॅक्सोफोन ऐकला आणि हट्ट धरला की यावर कर्नाटक संगीत वाजवीन. बाजाच्या रचनेत थोडे बदल करून घेतले, गमक निघेपर्यंत वर्षानुवर्षं घासली. १९८० साली मुंबईच्या जॅझ यात्रेत अमेरिकन सॅक्सोफोनवादक जॉन हँडीने त्यांना ऐकलं आणि आपल्यासोबत वाजवायला घेतलं. १९९४ साली ते लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये बीबीसीच्या महोत्सवात वाजवून आले, २००४ साली पद्मश्री. २०१९ साली वारले. लक्षात घ्या, बाजा बँडमधलाच होता. मधे गुरू आले, सभा आल्या, शांत बसून ऐकणारे लोक आले. आमच्या मामूंना चाळीस वर्षांत एकदाही शांत बसून ऐकणारा माणूस भेटलेला नाही.

बिस्मिल्ला खाँसाहेबांचं नाव आमचे सगळेच घेतात. बनारसच्या देवळाच्या ओवरीत रियाज करणारा शिया मुसलमान, सनईसारखं लग्नाच्या दारातलं वाद्य मैफलीत आणणारा, २००१ साली भारतरत्न. ‘गंगा-जमनी’ भाषणात त्यांचा फोटो हमखास. भाषण ठोकून घरी जाताना वाटेत बँडचं दुकान लागतं, तिथे मात्र आमची नजर वर जात नाही. खाँसाहेबांची सनईही दारातच वाजायची, हो. कुणीतरी तिला आत बोलावलं, मग ती आत आली.

आता पहिला आक्षेप. ‘बँडवाले बेसूर वाजवतात.’ बरोबर आहे, बरेच बेसूर वाजवतात. दहा जणांच्या बँडमध्ये तिघांना येतं. बाकीचे वर्दी घालून रांग भरायला उभे असतात, कारण गिऱ्हाईकाने माणसं मोजून पैसे ठरवलेले असतात. तालीम कधी? सीझनमध्ये दिवसाला दोन-दोन तिथ्या, सीझन संपला की कापूस वेचायला, गवंडीकामाला, ऑटो चालवायला. नवीन पोरगं येतच नाही, कारण डीजेने अर्धा धंदा गिळला. एक टेम्पो, चार भिंतीएवढे बॉक्स आणि एक पेनड्राइव्ह, की दहा माणसांची सुपारी गेली. मी ज्यांच्याविषयी लिहितोय ते तिघे आहेत, सातजण नाहीत. आणि त्या तिघांचं वय आज पन्नास-साठ आहे. फुप्फुसाचं काम आहे हे. आणखी दहा वर्षांनी मी हा लेख लिहिला तर कुणाला बोलवा म्हणू?

दुसरा आक्षेप आमच्या घरातला. ‘मौसिकी हराम आहे, तुम्ही बँडवाल्याची वकिली काय करता?’

गेल्या काही वर्षांत आमच्या भागात जमातींचे ठराव होताहेत की लग्नात बँड किंवा डीजे असेल तर काझी निकाह पढवणार नाही. यातली फिजूलखर्चीची काळजी मला पटते. कर्ज काढून वरात काढणारा बाप मी पाहिलाय, कपाशीला भाव नाही तेव्हा तर फारच. आवाजाची तक्रारही रास्त. पण ठरावात डीजेच्या भिंती आणि मामूंचा बाजा एकाच ओळीत टाकलेत. खर्च कमी करायचा तर जेवणावळीचे पंधरा पदार्थ आधी कमी करा. ते कुणी करत नाही, कारण मंडपवाले-केटरर मोठी माणसं आहेत, चंदा देतात. बँडवाला गरीब, त्याच्यावर ठराव सोपा.

राहिला हराम-हलालचा मुद्दा. मी आलिम नाही, फतवा देत नाही. पण हा वाद हजार वर्षांचा आहे आणि एकतर्फी कधीच नव्हता, एवढं वाचलेलं आहे. इमाम गझालींनी ‘इह्या’मध्ये समाअवर अख्खं प्रकरण लिहिलं आणि ऐकणाऱ्याच्या मनावर, प्रसंगावर हिशेब ठेवला. अंदलुसच्या इब्न हज्मने वाद्यांविरुद्धच्या हदीसांची सनदच कमजोर ठरवली. लग्नात दफ वाजवण्याला तर कडक मंडळीही परवानगी देतात. चिश्तींच्या दर्ग्यांत कव्वाली शतकानुशतकं चालू आहे. आमच्याच जिल्ह्यात आर्णीला बाबा कंबलपोष यांचा उर्स भरतो, हिंदू-मुसलमान दोघंही जातात, तिथे काय शांतता असते का? ‘संदल’ हा शब्दच घ्या. दर्ग्यावर चंदन न्यायची मिरवणूक म्हणजे संदल. विदर्भात त्या मिरवणुकीतल्या वाजवण्यालाच संदल म्हणू लागले आणि आज गणपतीच्या विसर्जनातही लोक संदल मागवतात. एका समाजाने दुसऱ्याला दिलेली ही इतकी जिवंत गोष्ट आहे आणि आम्ही ती ठराव करून बंद करायला निघालोय.

दखनचा इतिहास तर विचारूच नका. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाने ‘किताब-ए-नौरस’ लिहिलं, ते सगळं गाण्यांचं पुस्तक आहे आणि त्यात सरस्वतीची स्तुती आहे. शाहू महाराजांच्या कोल्हापुरात उस्ताद अल्लादिया खाँ होते, मिरजेत अब्दुल करीम खाँ राहिले, मराठी घरांतल्या मुली-मुलांना त्यांनी गाणं दिलं. मिरजेचे सतारमेकरही मुसलमानच. हे आम्ही अभिमानाने सांगतो आणि सांगायलाच हवं. मात्र यातली मेख अशी की दरबारातला उस्ताद आमचा आणि रस्त्यातला मास्तर कुणाचाच नाही. इस्लाममध्ये जात नाही असं आम्ही मिंबरवरून ऐकतो. बँडवाल्याच्या पोरीसाठी स्थळ शोधायला निघा, मग कळेल आहे की नाही. शब्बीर अन्सारींनी जालन्यातून मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली ती हवेतून नाही. तेव्हा ‘हराम’ या शब्दामागे कधी कधी शरियत असते आणि कधी कधी नुसती अशराफी नाक वर करण्याची सवय असते. दुसरीला पहिलीचे कपडे घालू नका.

तिसरा आक्षेप मला खरा जड वाटतो. तो एका आंबेडकरी मित्राने घेतला. तो म्हणाला, ‘बाजा ही आमच्या बापजाद्यांवर लादलेली गावकी होती. बाबासाहेबांनी सोडायला सांगितली. आमच्या लोकांनी हलगी खाली ठेवली म्हणून पोरं शिकली. तू पुन्हा ती गळ्यात अडकवायला सांगतोस?’

याला मी पटकन उत्तर देऊ शकलो नाही, आणि देणं सभ्यही नव्हतं. मातंग समाजातले कितीतरी जण आजही याच धंद्यात आहेत, मामूंच्या बँडमध्ये अर्धे तेच. गावाच्या दारात फुकट किंवा भाकरतुकड्यावर वाजवणं ही वेठ होती, ती गेलीच पाहिजे होती. पण त्याच चळवळीने आंबेडकरी जलसे उभे केले. भीमराव कर्डक, मग वामनदादा कर्डक. गाणं-वाजवणं त्यांनी टाकलं नाही, कुणासाठी आणि कुठे उभं राहून वाजवायचं ते बदललं. गेटवर उभं राहून मंत्र्याची गाडी आत सोडणं ही आजची गावकी आहे. मी जे मागतोय त्यात मास्तरने खुर्चीवर बसायचं आणि प्राध्यापकांच्या पोरांनी त्याच्यासमोर उभं राहून शिकायचं. मित्र म्हणाला, ‘लेखी दे.’ हे घे.

इथे गोव्याकडे पाहावं लागतं. मुंबईच्या सिनेमाचे ऑर्केस्ट्रा गोवेकरांनी का भरले होते? त्यांच्या रक्तात संगीत होतं वगैरे बोलणं सोडून द्या. पोर्तुगीज काळापासून तिथल्या चर्चच्या शाळांत गावच्या पोरांना नोटेशन वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवत. गरीब घरचं पोर स्वर वाचायला शिकून मुंबईला यायचं, हॉटेलच्या जॅझ बँडमध्ये रात्री आणि स्टुडिओत दिवसा वाजवायचं. चिक चॉकलेट या नावाने गाजलेला ट्रम्पेटवाला, सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, सगळे याच वाटेने आले. सी. रामचंद्रांसारख्या मराठी संगीतकाराने ‘अलबेला’त १९५१ साली चिक चॉकलेटचा ट्रम्पेट घेतला आणि मराठी कानाला जॅझची चव लागली, नाव न कळता. पुढे राहुल देव बर्मनकडे मनोहारी सिंग आले. १९६९ च्या ‘आराधना’तला सॅक्सोफोन त्यांचा. महाराष्ट्रातल्या दर तिसऱ्या लग्नात तो वाजतो, वाजवणाऱ्याचं नाव विचारा कुणाला. मामूंना ठाऊक आहे. दुकानात त्यांचा फोटो लावलाय.

एका संस्थेने पोरांना शिकवायचं मनावर घेतलं, म्हणून हे झालं. आमच्याकडे ती संस्था कुठली? मशिदीचं मदरसा हे करणार नाही, देवळाचं मंडळ करणार नाही. उरलं कॉलेज. कॉलेजकडे हॉल आहे, विद्यार्थी कल्याणाचा निधी आहे, संगीताचे एक तरी सर आहेत.

आमची कॉलेजं संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाखाली येतात. दरवर्षी युवा महोत्सव होतो. स्पर्धांची यादी देशभर जवळपास सारखीच असते: शास्त्रीय गायन, तालवाद्य, स्वरवाद्य, सुगम, भारतीय आणि पाश्चात्त्य समूहगान, फोक ऑर्केस्ट्रा, पाश्चात्त्य वाद्याचा सोलो. पाश्चात्त्य सोलोला आमची पोरं गिटार नाहीतर कीबोर्ड घेऊन जातात. सॅक्सोफोन, क्लॅरनेट, ट्रम्पेट कुणी का नेत नाही? ही वाद्यं जिल्ह्यात नाहीत म्हणून? पुसद, दिग्रस, दारव्हा, वणी, उमरखेड, कुठल्याही गावच्या बाजारात जा. बँडच्या दुकानात खुंटीला टांगलेली दिसतील. आणि वाद्यवृंदाची स्पर्धा यादीत नाही म्हणून काय झालं, कॉलेजने आपल्या संमेलनात करायला कुणाची परवानगी लागते?

शिवाय ज्यांच्या नावाने विद्यापीठ आहे ते गाडगेबाबा कुठे गायचे, हे तरी आठवावं. हातात झाडू, डोक्यावर खापर, रस्त्यातच कीर्तन. आज ते संमेलनाला आले असते तर कमिटीने त्यांनाही गेटवरच ठेवलं असतं, बहुधा सफाईच्या कामाला. आणि पाहुण्यांच्या मानाविषयी यवतमाळने तर बोलूच नये. २०१९ च्या साहित्य संमेलनात नयनतारा सहगल यांना निमंत्रण देऊन परत घेतलं, ते सगळ्या देशाने पाहिलं.

मी जे मागतोय ते फार नाही. जिल्ह्यातल्या एका कॉलेजने एका वर्षी आठ-दहा पोरांचा वाद्यवृंद बांधावा. हार्मोनियम, तबला, गिटार, कीबोर्ड, जे आहे ते. त्याला जॅझ म्हणायचं की आणखी काही, यावर भांडत बसू नये, टेक्सासवाल्यांनीही नावाचा घोळ घातलाच होता. गावातल्या बँडमधून एक सॅक्सोफोनवाला पाहुणा म्हणून बोलवावा, पत्रिकेत त्याचं नाव बाकीच्या पाहुण्यांच्याच आकारात छापावं. पंधरा दिवस तालमीला बोलवावं आणि प्रत्येक दिवसाचं मानधन द्यावं, जेवढं बाहेरून आलेल्या व्याख्यात्याला देता तेवढं. शाल-श्रीफळ देऊन सुटका करून घेऊ नये. मामूंच्या घरी आधीच तीन शाली आहेत. दोन-तीन पोरांना बाजा धरावासा वाटला तर कॉलेजने एक जुना आल्टो घेऊन ठेवावा. क्रिकेटच्या किटला पैसे निघतात, याला निघतील. पोरींनाही द्यावा. बँडमध्ये बाई फक्त डोक्यावर दिवा घेऊन चालताना दिसते, वाजवताना दिसत नाही. ते कॉलेजातूनच बदलू शकतं, रस्त्यावरून नाही.

वेळेची अडचण कुणी सांगू नये. आषाढी एकादशी झाली की तुळशीच्या लग्नापर्यंत हिंदू लग्नाच्या तिथ्या नसतात. गणपती-नवरात्राचे दिवस सोडले तर बँडवाले त्या काळात रिकामे असतात, आणि युवा महोत्सवाच्या तालमी त्याच सुमाराला सुरू होतात. दुपारी जा, चारनंतर. तेव्हा मास्तर दुकानात बाज्याच्या चाव्यांना तेल देत बसलेला असतो. हार्मोनियमवाल्या पोराला सोबत न्या, आणि सा कुठला धरायचा ते आधी ठरवून जा.